एक यंत्र, अनेक देश : अणुसंमीलन संशोधनातील समन्वयकाचे काम

अणुसंमीलनावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत एक वर्ग असा आहे, ज्याच्या ताब्यात स्वतःचे एकही यंत्र नसते. कोणत्या देशातल्या कोणत्या यंत्रावर यंदा कोणता प्रयोग व्हावा, दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर खोट कुठे शोधावी, एका देशात घडवलेला पोलादी भाग दुसऱ्या देशात घडवलेल्या भागात नीट बसेल का, आणि बसत नसेल तर ते कोणी, कधी आणि कोणाला सांगायचे, हे त्याचे रोजचे प्रश्न. त्याला कार्यक्रम समन्वयक म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कारकुनी वाटते : बैठका, इतिवृत्ते, वेळापत्रके. पण गेल्या सत्तर वर्षांत अणुसंमीलनाने जी मजल मारली, तिच्यातले कितीतरी निर्णायक टप्पे याच कामातून आले आहेत. त्या कामाची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

मूळ प्रश्न अवघड का आहे, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड भावंडांची केंद्रके एकत्र आली की हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन तयार होतो, आणि १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा मोकळी होते. तिच्यातला १४.१ दशलक्षांचा वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो. दोन्ही केंद्रके धनभारित असल्याने एकमेकांना ढकलतात. ती भिडावीत म्हणून वायू दहा-पंधरा कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. एवढ्या तापमानाला वायूचा प्लाझ्मा झालेला असतो आणि कोणत्याही धातूच्या भांड्यात तो ठेवता येत नाही. चुंबकक्षेत्राच्या अदृश्य भिंतींनी त्याला अधांतरी धरावे लागते. १९५५ मध्ये जॉन लॉसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हिशेब मांडून दाखवले, की पुरेसे तापमान असताना प्लाझ्माची घनता आणि त्यातली ऊर्जा टिकून राहण्याचा काळ यांचा गुणाकार एका मर्यादेपलीकडे गेला, तरच घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा हाती येईल.

यातला ऊर्जा टिकण्याचा काळ हीच खरी अडचण. प्लाझ्मा जितका मोठा, तितकी त्याची उष्णता बाहेर झिरपायला वेळ लागतो. म्हणजे यंत्र मोठे हवे, आणि मोठे यंत्र महाग. महाग यंत्रे जगात मोजकीच राहतात, आणि एका यंत्रावर जे दिसले ते दुसऱ्यावर दिसेलच असे नसते. म्हणून मोजक्या यंत्रांवरचे ज्ञान एकत्र करून, आजवर कोणी बांधलेच नाही अशा यंत्राचे भाकीत करावे लागते. समन्वयाची गरज अशी थेट भौतिकीतून निघते. राजकारण्यांची इच्छा, परराष्ट्र खात्यांचे करार या गोष्टी त्यानंतरच्या.

हे सारे सुरू झाले ते मात्र कडेकोट गुप्ततेत. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय वापरासंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे होमी भाभा तिचे अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केले, की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची रीत सापडेल. ते भाकीत खरे ठरले नाही, हे नेहमी सांगितले जाते. त्याचा दुसरा परिणाम मात्र क्वचितच सांगितला जातो. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ या तिन्ही देशांत यावर बंद दाराआड काम चालू होते, आणि भाभांनी तो विषय भर सभेत उघडा केला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५६ मध्ये, सोव्हिएत अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव्ह यांनी इंग्लंडमधल्या हारवेल येथे जाऊन आपल्या देशातील प्रयोगांवर जाहीर व्याख्यान दिले. १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत तिन्ही देशांनी आपापली यंत्रे आणि आकडे मांडले, आणि सगळे जवळजवळ एकाच अडचणीत अडकले आहेत हे सर्वांच्या लक्षात आले.

त्याच वर्षाच्या जानेवारीत हारवेलच्या झीटा या यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडत असल्याची बातमी मोठ्या गाजावाजाने जाहीर झाली होती. काही महिन्यांतच स्पष्ट झाले, की ते न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्मातून येत नव्हते. वेगळ्याच कारणाने वेग घेतलेल्या मोजक्या कणांनी ते निर्माण केले होते. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी चूक कबूल केली. तेव्हापासून या क्षेत्रात एक सवय मुरली : मोठा दावा करायचा तर मोजमाप दुसऱ्याने केलेले असावे. समन्वयकाच्या कामाचा पाया या सवयीत आहे.

ती सवय खऱ्या अर्थाने कसोटीला लागली दहा वर्षांनी. १९६८ मध्ये सैबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे लेव्ह आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोतल्या टी-३ या यंत्राचे आकडे मांडले. वाहनाच्या टायरमधल्या ट्यूबच्या आकाराची पोकळी, तिच्याभोवती चुंबके आणि खुद्द प्लाझ्मातून वाहणारा विद्युतप्रवाह अशी ही रचना. आंद्रेई साखारोव्ह आणि इगोर ताम यांच्या १९५०-५१ च्या कल्पनेतून ती आली होती आणि टोकामॅक या नावाने ओळखली जात होती. आर्त्सिमोविच यांच्या आकड्यांनुसार टी-३ मध्ये इलेक्ट्रॉनांचे तापमान एक कोटी अंशांच्या घरात होते, आणि ऊर्जा टिकण्याचा काळ त्या वेळी प्रचलित असलेल्या निराशाजनक सूत्रापेक्षा कितीतरी जास्त. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना शंका आली, आणि ती रास्त होती. सोव्हिएत मोजमाप अप्रत्यक्ष होते. प्लाझ्मातले थोडेसे इलेक्ट्रॉन भरधाव सुटले असतील, तर त्यांच्यामुळेही तापमान खोटे चढलेले दिसू शकते.

वाद मिटवायचा मार्ग आर्त्सिमोविच यांनी स्वतः सुचवला. ब्रिटनमधल्या कलहॅम प्रयोगशाळेत लेसर वापरून तापमान मोजण्याचे तंत्र तयार झाले होते. तिचे संचालक बास पीस यांना त्यांनी निमंत्रण दिले : तुमची माणसे, तुमची उपकरणे घेऊन मॉस्कोला या आणि आमच्या यंत्रावर मोजा. हा शीतयुद्धाचा काळ. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. अशा दिवसांत काही टन वजनाची उपकरणे इंग्लंडहून मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत नेण्यात आली आणि निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी महिनोन्‌महिने तिथे राहिले.

त्यांचे मोजमाप कसे होते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. माणकाच्या स्फटिकातून निघालेला लाल लेसर-किरण क्षणार्धासाठी प्लाझ्मातून आरपार सोडायचा. वाटेत भेटलेले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशातला अत्यल्प अंश आजूबाजूला विखुरतात. इलेक्ट्रॉन वेगाने धावत असल्याने विखुरलेल्या प्रकाशाचा रंग थोडा इकडे, थोडा तिकडे सरकतो, आणि रंगाचा पट्टा जितका रुंद तितका प्लाझ्मा गरम. भरधाव सुटलेले मूठभर इलेक्ट्रॉन या पट्ट्याची रुंदी बिघडवू शकत नाहीत. खुद्द प्लाझ्माच्या झगझगाटातून तो अंधुक प्रकाश वेगळा काढणे मात्र जिकिरीचे होते आणि त्यात बराच काळ गेला. शेवटी उत्तर आले : सोव्हिएत आकडे बरोबर होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यावर ब्रिटिश नावांबरोबर एक सोव्हिएत नावही होते. प्रिन्स्टनने आपले मॉडेल-सी हे वेगळ्या रचनेचे यंत्र काही महिन्यांत टोकामॅकमध्ये बदलून घेतले. जगभरच्या संशोधनाची दिशाच फिरली.

या प्रसंगात कोणताही नवा सिद्धांत मांडला गेला नाही. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्याच हातात आपले यंत्र देण्याची एका प्रयोगशाळेची तयारी, आणि दुसऱ्याचा विजय स्वतःच्या सहीने जाहीर करण्याची दुसरीची तयारी, एवढेच घडले. अणुसंमीलनाच्या इतिहासात याहून मोलाचे मोजमाप दुसरे सांगता येणार नाही.

पश्चिम युरोपात हीच गोष्ट कायमस्वरूपी व्यवस्था म्हणून उभी करण्याचे श्रेय दोनातो पालुंबो या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचे. १९५८ पासून १९८६ पर्यंत युराटॉम या युरोपीय अणुऊर्जा समुदायाचा संमीलन कार्यक्रम त्यांच्याकडे होता. स्वतंत्र केंद्रीय प्रयोगशाळा काढण्याऐवजी त्यांनी प्रत्येक देशातील संस्थेशी सहयोगाचे करार केले. खर्चाचा काही भाग ब्रसेल्स देणार, संस्था आपापल्या देशाच्याच राहणार, पण कार्यक्रम सर्वांनी मिळून ठरवायचा आणि माणसे इकडून तिकडे जाऊ द्यायची. पैशाचा वाटा लहान असला, तरी दुसऱ्याच्या कार्यक्रमाविषयी बोलण्याचा अधिकार त्यातून सर्वांना मिळाला. समन्वयकाची सत्ता बहुतेक वेळा अशीच असते : आज्ञा करण्याइतकी मोठी कधीच नाही, पण दुर्लक्ष करता येणार नाही एवढी.

या व्यवस्थेतूनच जॉइंट युरोपियन टोरस, म्हणजे जेट, हे यंत्र उभे राहिले. त्याच्या जागेवरून ब्रिटनमधले कलहॅम आणि जर्मनीतले गार्किंग यांच्यात दोन वर्षे रस्सीखेच चालली. आराखडा तयार, चमू तयार, आणि जागा ठरत नाही म्हणून माणसे पांगू लागली होती. ऑक्टोबर १९७७ मध्ये कलहॅम ठरले. २५ जून १९८३ रोजी जेटमध्ये पहिला प्लाझ्मा निघाला. १९९१ मध्ये त्याने पहिल्यांदा ट्रिटियम वापरले आणि १९९७ मध्ये १६ मेगावॉट संमीलन शक्ती काही क्षणांसाठी मिळवली.

समन्वयाचा सर्वांत कमी दिसणारा भाग म्हणजे आकड्यांचे कोठार. ऊर्जा किती काळ टिकते हे सिद्धांतावरून नेमके काढता येत नाही, कारण प्लाझ्मातली खळबळ फार गुंतागुंतीची आहे. म्हणून अनेक यंत्रांवरच्या हजारो प्रयोगांची नोंद एकत्र करून त्यांतून अनुभवजन्य सूत्र काढतात. ऐकायला सोपे वाटते. अडचण नोंद करायला बसल्यावर कळते. यंत्राला दिलेली शक्ती म्हणजे नेमकी कोणती? सोडलेली की शोषली गेलेली? प्लाझ्माची ऊर्जा त्या क्षणी वाढत असेल, तर ती वाढ शक्तीतून वजा करायची का? प्लाझ्माची कड कुठे संपली असे धरायचे? अमेरिकी, जपानी आणि जर्मन यंत्रांवर या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी होती आणि प्रत्येकाला आपलीच रीत स्वाभाविक वाटत होती. कोठाराची जबाबदारी घेतलेल्या शास्त्रज्ञांना आधी व्याख्या पक्क्या कराव्या लागल्या. मग जुने प्रयोग त्या व्याख्यांनुसार पुन्हा तपासून घ्यावे लागले, आणि ज्या नोंदींची खात्री देता येत नव्हती त्या बाजूला काढाव्या लागल्या. स्वतःच्या यंत्राचा सर्वांत देखणा प्रयोग यादीतून वगळलेला पाहणे कोणालाच सोपे नसते.

या कष्टातून १९९८ चे म्हणून ओळखले जाणारे सूत्र निघाले. ऊर्जा टिकण्याचा काळ प्लाझ्मातील प्रवाहाबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो, यंत्राच्या मोठ्या त्रिज्येच्या जवळजवळ वर्गाने वाढतो आणि तापवण्याची शक्ती वाढवली की कमी होतो, असे ते सांगते. दीड कोटी अँपिअर प्रवाह आणि ६.२ मीटर त्रिज्या घातली, की उत्तर साडेतीन सेकंदांच्या थोडे पुढे येते. आज फ्रान्समध्ये उभे राहत असलेल्या यंत्राची मापे ठरवण्यात या सूत्राचा मोठा हात आहे. म्हणजे सात भागीदारांचा पैसा ज्या आकड्यावर लागला, तो आकडा व्याख्यांवरून घातलेल्या वादांतून आला आहे. २००१ पासून हे काम आंतरराष्ट्रीय टोकामॅक भौतिकी उपक्रमाच्या विषयवार गटांतून चालते. एखादी घटना एका यंत्रावर दिसली की दुसऱ्या आकाराच्या यंत्रावर तीच परिस्थिती जुळवून ती दिसते का, हे पाहणे हे या गटांचे मुख्य काम. प्लाझ्माच्या कडेला ठरावीक अंतराने होणारे ऊर्जेचे उद्रेक लहानशा चुंबकीय हेलकाव्याने थोपवता येतात, हे सॅन डिएगोच्या डीथ्री-डी यंत्रावर दिसले. पुढे जर्मनीतील अ‍ॅस्डेक्स अपग्रेड आणि कोरियातील के-स्टारवरही ते करून पाहिले गेले. त्यानंतरच त्यावर भिस्त ठेवता आली.

एका यंत्राने दुसऱ्यासाठी आपले घर मोडल्याचेही उदाहरण आहे. जेटच्या आतल्या भिंती कार्बनच्या होत्या आणि प्लाझ्माला त्या मानवत होत्या. पण कार्बन ट्रिटियम धरून ठेवतो, आणि भावी यंत्रात किरणोत्सारी ट्रिटियम भिंतीत साठत जाणे परवडणारे नव्हते. म्हणून २००९ ते २०११ या काळात जेटची सगळी भिंत काढून बेरिलियम आणि टंगस्टनची बसवण्यात आली. हे काम दुरून चालवल्या जाणाऱ्या यांत्रिक हातांनी झाले. सुरुवातीला प्लाझ्माची कामगिरी घसरली. जुनी उंची पुन्हा गाठायला अनेक वर्षे गेली. हा निर्णय घेणाऱ्यांना ते होणार याची कल्पना होती, आणि तरीही तो घेतला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये याच नव्या भिंतीसह जेटने पाच सेकंदांत ५९ मेगाज्यूल ऊर्जा दिली, आणि २०२३ मध्ये ६९ मेगाज्यूल.

ज्यासाठी हे सगळे, ते यंत्र म्हणजे इटर. त्याची मुळे १९७८ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत सुरू झालेल्या इंटॉर या अभ्यासात आहेत. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले, तेव्हाच्या संयुक्त निवेदनात संमीलनाच्या सहकार्याचा उल्लेख आला. गोर्बाचेव्ह यांचे सल्लागार एव्हगेनी वेलिखोव्ह हे स्वतः प्लाझ्माशास्त्रज्ञ होते, म्हणून ते वाक्य तिथे पोचले. १९९२ पासून आराखड्याचे काम सॅन डिएगो, गार्किंग आणि जपानमधील नाका अशा तीन ठिकाणी वाटून दिले गेले, कारण एक जागा ठरवणे कोणालाच मान्य नव्हते. उन्हाळ्यात सॅन डिएगोला संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा गार्किंगला पहाटेचे तीन आणि नाकाला दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजलेले असतात. तिघांनाही सोयीची वेळ दिवसात एकही नाही. १९९८ मध्ये तयार झालेला आराखडा फार महाग ठरला आणि अमेरिका बाहेर पडली. रोबेर एमार यांच्या नेतृत्वाखाली त्रिज्या ८.१ मीटरवरून ६.२ मीटरवर आणून खर्च साधारण निम्मा करण्यात आला. २००३ मध्ये अमेरिका परतली, चीन आणि दक्षिण कोरिया आले. जून २००५ मध्ये जपानच्या रोक्काशोऐवजी फ्रान्समधील कादाराश ही जागा ठरली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारत सहभागी झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या. भारताच्या वतीने अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी सही केली.

करारानुसार युरोपने सुमारे ४५ टक्के आणि इतर सहांनी प्रत्येकी सुमारे ९ टक्के भार उचलायचा. यातला फार मोठा हिस्सा पैशात न देता वस्तूंत द्यायचा. एकच काम मुद्दाम अनेकांना वाटून दिले आहे. मोठ्या उभ्या चुंबकांपैकी काही जपानने केली, काही युरोपने. निर्वात पात्राच्या नऊ खंडांपैकी चार कोरिया, पाच युरोप. अभियंत्याच्या नजरेतून ही रचना अडचणीची आहे, कारण एकाच कारखान्यात नऊ खंड केले असते तर चुका कमी झाल्या असत्या. पण प्रत्येक भागीदाराला यंत्र बांधण्याची विद्या हवी होती, नुसते मालकीहक्काचे कागद नको होते. ती विद्या कारखान्यात हात काळे करूनच येते. या वाटणीवर टीका करणे सोपे आहे. तिच्याशिवाय सात भागीदार एकत्र आले असते असे मानणे कठीण आहे. प्रत्येक वस्तूचे मोल चलनांच्या चढउतारांत अडकू नये म्हणून इटरने स्वतःचे हिशेबाचे एककही ठरवले. १९८९ च्या जानेवारीतल्या १,००० डॉलरांएवढे मोल म्हणजे एक एकक.

भारताच्या वाट्याला आलेल्या कामांत सर्वांत नजरेत भरणारे काम क्रायोस्टॅटचे. चुंबके उणे २६९ अंशांना ठेवायची तर संपूर्ण यंत्र एका निर्वात पोलादी घुमटात बंद करावे लागते. हा घुमट सुमारे २९ मीटर उंच, तेवढाच रुंद आणि ३,८५० टनांचा. तो अखंड नेणे अशक्य, म्हणून सुरतजवळच्या हझीरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात त्याचे ५४ तुकडे घडवले गेले. ते समुद्रमार्गे फ्रान्सला गेले, बंदराकडून कादाराशपर्यंतच्या खास तयार केलेल्या १०४ किलोमीटरच्या वाटेने रात्रीच्या काफिल्यांतून पोचले, आणि तिथल्या भारतीय कार्यशाळेत जोडून त्यांचे चार मोठे भाग झाले. मे २०२० मध्ये १,२५० टनांचा तळाचा भाग क्रेनने उचलून खड्ड्यात उतरवला गेला. ज्याच्यावर सारे यंत्र उभे राहायचे तो भाग मिलिमीटरांच्या हिशेबात बसावा लागतो. साथीमुळे जग बंद असतानाच्या त्या दिवसांत तो बसला.

समन्वयाच्या दृष्टीने त्याहून बोलके उदाहरण लहान वस्तूंचे आहे. निर्वात पात्राला दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधल्या जागेत न्यूट्रॉन अडवण्यासाठी पोलादी ठोकळे भरायचे असतात. त्यांतले अनेक बोरॉन मिसळलेल्या पोलादाचे. हे हजारो ठोकळे भारताने करायचे. पात्र मात्र कोरियात आणि युरोपात घडणार. म्हणजे भारतातून निघालेला ठोकळा कोरियातल्या कारखान्यात, बाहेरची भिंत झाळण्याआधी, नेमक्या क्रमाने पोचला पाहिजे. तिथल्या भिंतीची वक्रता आराखड्यापेक्षा थोडी सरकली, तर इथे ठोकळ्याचे माप बदलावे लागते. अशा प्रत्येक सीमेसाठी दोन्ही बाजूंनी सही केलेला कागद असतो : भोके कुठे, फट किती, वजन कोणी पेलायचे. काही बिघडले की कारखान्याने एनसीआर, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट, काढायचा असतो. समन्वयकाच्या मेजावरच्या कागदांत या अहवालांचा गठ्ठा सर्वांत जाड असतो. अहवाल वेळेवर काढणाऱ्या कारखान्याला शिक्षा झाल्यासारखे वाटू लागले, तर पुढचा अहवाल येत नाही. म्हणून दोष कळवणाऱ्याची पाठराखण करणे हा या कामाचा तांत्रिक भागच मानावा लागतो.

हे न साधल्यास काय होते, तेही इटरमध्येच दिसले. वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या निर्वात पात्राच्या खंडांच्या कडांत ठरलेल्या मापापेक्षा इतका फरक निघाला, की यंत्राने झाळकाम करणे जमेना. उष्णतारोधक पडद्यांवरच्या थंडाव्याच्या नळ्यांना क्लोराइडच्या अंशामुळे ताणातून येणाऱ्या गंजाच्या भेगा पडल्याचेही आढळले, आणि सुमारे २३ किलोमीटर नळी बदलण्याचा निर्णय घ्यावा लागला. मे २०२२ मध्ये खड्ड्यात उतरवलेला पहिला खंड जुलै २०२३ मध्ये पुन्हा वर काढला गेला. महासंचालक बर्नार बिगो यांचे त्याआधी, मे २०२२ मध्ये, निधन झाले होते. त्यांच्या जागी आलेले पिएत्रो बाराबास्की यांनी दोष जाहीरपणे मांडले आणि दुरुस्ती पुरी होईपर्यंत नवे वेळापत्रक देण्याची घाई केली नाही. २०२४ च्या मध्यास ते आले : संशोधनाचा प्रारंभ २०३४ मध्ये, ड्युटेरियम-ट्रिटियमचा टप्पा २०३९ मध्ये. बेरिलियमची भिंत सोडून टंगस्टनची करण्याचे ठरले, आणि त्यासाठी टंगस्टनच्या भिंती असलेल्या इतर यंत्रांवरचा अनुभव हाताशी होता. दुरुस्तीनंतरचा पहिला खंड एप्रिल २०२५ मध्ये खड्ड्यात उतरला. लपवलेल्या दोषाने दशके गेली असती. उघड केलेल्या दोषाने वर्षे गेली. हा फरक समजून घेणाऱ्यालाच या विलंबाकडे नीट पाहता येते.

भारताची या वर्तुळात बसण्याची तयारी एका माणसाच्या चिकाटीशी जोडलेली आहे. श्रीनगरला जन्मलेले प्रेधिमन कृष्ण काव यांनी अठराव्या वर्षी दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. मिळवली, प्रिन्स्टनला काम केले आणि परत येऊन अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये प्लाझ्मा कार्यक्रम उभा केला. १९८६ मध्ये त्यातून प्लाझ्मा संशोधन संस्था झाली, आणि १९८९ मध्ये आदित्य हा भारतात बांधलेला टोकामॅक चालू झाला. आदित्यची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर. जेटच्या शेजारी तो खेळण्यासारखा वाटेल, पण निर्वात पंप, वीजपुरवठा, मोजमापाची उपकरणे हे सगळे हाताळलेली एक पिढी त्याच्यावर तयार झाली. अतिसंवाहक चुंबकांचे एसएसटी-१ हे यंत्र पुढे बराच काळ अडचणींत होते. त्याची चुंबके सुटी करून, तपासून पुन्हा जोडावी लागली आणि २०१३ मध्ये त्यात प्लाझ्मा निघाला. अडचणींतून गेलेली माणसे इटरच्या वाटाघाटींत बसली, तेव्हा कोणते काम अंगावर घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे त्यांना कळत होते. काव पुढे इटरच्या विज्ञान व तंत्रज्ञान सल्लागार समितीचे अध्यक्ष झाले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची संमीलन परिषद गांधीनगर येथे भरली. काव त्याआधी, जून २०१७ मध्ये, गेले होते.

आज खासगी कंपन्याही या क्षेत्रात आल्या आहेत आणि त्यांचे आकडे व्यापारी गुपित असतात. कोठारात नोंद न होणारा प्रयोग हा समन्वयकापुढचा नवा प्रश्न आहे. जुना प्रश्नही शिल्लक आहे : ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षांचा, जगातला नागरी साठा थोडा, आणि तो मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून येतो. पुढची यंत्रे लिथियमपासून आपले ट्रिटियम स्वतः तयार करतील अशी योजना आहे, पण तिच्या चाचणीसाठी इटरमधील जागा मोजक्या आहेत आणि त्या कोणाला द्यायच्या हे बोलूनच ठरवावे लागते.

डिसेंबर २०२३ मध्ये जेट चाळीस वर्षांनंतर बंद झाले. त्याच्या शेवटच्या विद्युत-स्पंदाचा क्रमांक १,०५,८४२. अखेरच्या दिवसांत शास्त्रज्ञांनी प्लाझ्माचा आकार उलटा करून पाहिला, आणि एरवी ज्या गोष्टीपासून यंत्राला जिवापाड जपले जाते ती मुद्दाम केली : वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत आतल्या भिंतीवर सोडला, म्हणजे इजा नेमकी कशी होते हे पुढच्या यंत्रासाठी कळावे. आता ते यंत्र सुटे केले जात आहे. त्याच्या भिंतीच्या फरशा तपासल्या जात आहेत, आणि त्या लाखभर स्पंदांच्या नोंदी कादाराशमध्ये वापरल्या जात आहेत.